दुपारी बारा वाजता तांदूळ निवडताना

आमच्या इमारतीच्या खालच्या तीन मजल्यांवर दिवसाही दिवे चालू असतात. मी दहावीत असताना, 2006 साली, रेल्वेच्या प्रकल्पासाठी हार्बर मार्गालगतची आमची झोपडी पाडली गेली आणि मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आम्हाला 225 चौरस फुटांचे घर मिळाले. त्या दिवशी आईने मोरीतला नळ तीन वेळा उघडून पाहिला आणि तीन वेळा बंद केला. स्वतःचे शौचालय, आतून कडी लागणारे दार आणि पावसात न गळणारे छप्पर यांचे मोल झोपडीत राहिलेल्या माणसालाच कळते, आणि म्हणूनच त्या घरात काही कमी आहे असे मोठ्याने म्हणायला आमच्यासारख्या कुटुंबांना पुष्कळ वर्षे लागली.

2015 साली वहिनीला खोकला लागला आणि तो महिनाभर हटला नाही. एक्स-रेमध्ये डाग दिसला, थुंकीच्या तपासणीत टीबी निघाला, आणि सहा महिने औषध घेऊन ती पूर्ण बरी झाली. त्यानंतर समोरच्या घरातला कॉलेजात जाणारा मुलगा आणि पुढच्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या काकू आजारी पडल्या. प्रत्येक घराने आपापले दुखणे आपापल्या नशिबाच्या खात्यावर लिहिले. मी तेव्हा समाजकार्याचे शिक्षण घेत होते. पुस्तकात 'आरोग्याचे सामाजिक निर्धारक', म्हणजे घर, अन्न, कमाई अशी माणसाचे आरोग्य ठरवणारी परिस्थिती, असा शब्दप्रयोग वाचत होते आणि रात्री त्याच पॅसेजमधून घरी येत होते. त्या दोन गोष्टी एकच आहेत हे ध्यानात यायला मला लागला तेवढा वेळ लागायला नको होता, असे आज वाटते.

पुढे एका छोट्या संस्थेत कामाला लागल्यावर, 2022 च्या अखेरीस, आम्ही चार जणींनी आमच्याच वसाहतीतल्या दोन इमारतींचा अभ्यास करायचे ठरवले. त्या प्रक्रियेची ही हकीकत आहे.

सुरुवातीला आधी झालेले काम वाचून काढले. महापालिकेच्या 2009 च्या मानव विकास अहवालात मुंबईच्या 24 प्रभागांपैकी आमचा एम पूर्व, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनारचा भाग, सर्वांत तळाला होता. 2018 मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेचा आयआयटी मुंबईच्या सहभागाने झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आमच्याच परिसरातल्या तीन पुनर्वसन वसाहतींची तुलना होती, आणि जिथे इमारती एकमेकींना खेटून उभ्या होत्या तिथे टीबीचे प्रमाण तुलनेने मोकळ्या वसाहतीपेक्षा बरेच जास्त आढळले होते. टीबीचे जंतू हवेतून पसरतात, कोंदट खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात, आणि वाहती हवा व ऊन हे त्यांचे जुने वैरी आहेत. तेव्हा हा निष्कर्ष शास्त्राला धरूनच होता.

मला अधिक अस्वस्थ केले ते एका जुन्या नियमाने. 1896 च्या प्लेगनंतर या शहरात 1898 साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तो मुळात गरिबांच्या वस्त्यांत उजेड आणि हवा आणण्यासाठी. त्या ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला होता. त्याचा साधा अर्थ असा की समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या साधारण निम्मे अंतर खिडकीपुढे मोकळे असले पाहिजे, म्हणजे तळमजल्यावरही आभाळाचा उजेड पोहोचतो. आमच्या इमारती सात मजल्यांच्या आहेत. त्या हिशेबाने दोन इमारतींमध्ये दहा मीटर तरी जागा हवी होती. आम्ही ती प्रत्यक्ष मोजली. गवंड्याचा टेप पोछ्याच्या दांड्याला बांधून मी आमच्या खिडकीतून पुढे केला आणि समोरच्या भाभींनी त्यांच्या खिडकीच्या जाळीतून हात घालून तो धरला. तीन मीटर आणि वर चार बोटे. शंभर वर्षांपूर्वी या शहराला जे ठाऊक होते, ते झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत सवलत देताना बाजूला ठेवले गेले. ती सवलत बांधणाऱ्याला मिळाली आणि तिची भरपाई आत राहणाऱ्यांच्या छातीने केली, हे माझे मत आहे आणि ते मी अहवालातही लिहिले.

एवढे सगळे आधीच ज्ञात असताना आणखी एक अभ्यास कशाला, हा प्रश्न आम्हाला पुष्कळांनी विचारला आणि तो रास्त होता. आमचे उत्तर असे होते की इमारतींविषयी माहिती झाली होती, पण त्यांत राहणाऱ्या बायका त्या अंधाराशी रोज कशा वागतात, औषध कोण आणि का मध्येच सोडते, रुग्णाच्या घरातल्या इतरांची तपासणी होते की नाही, हे कोणी त्यांच्याच तोंडून नीट ऐकून लिहिले नव्हते. शिवाय इमारती पाडून नव्याने बांधणे आमच्या हाती नव्हते. जे उद्या सकाळी बदलता येईल असे काही आम्हाला शोधायचे होते.

माणसांवरच्या अभ्यासाला आधी परवानगी देणाऱ्या नीतिमत्ता समितीपुढे जाण्याची मला धास्ती होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे आम्ही दोनदा वाचली, संमतीपत्र मराठीत आणि हिंदीत तयार केले, आणि ते न वाचता येणाऱ्यांना साक्षीदारासमोर वाचून दाखवण्याची व्यवस्था लिहिली. समितीतल्या एका ज्येष्ठ डॉक्टर बाईंनी कागद बाजूला ठेवून दोनच प्रश्न विचारले. पहिला: "दोन आठवड्यांहून जास्त खोकणारा माणूस तुम्हाला घरात दिसला आणि त्याने तपासणीच केलेली नसेल, तर तुम्ही फक्त लिहून घेऊन निघून येणार का?" दुसरा: "सव्वादोनशे फुटांच्या एका खोलीत सासूसमोर सुनेला तिच्या आजाराविषयी तुम्ही कसे विचारणार?" पहिल्याचे उत्तर आमच्याकडे होते, अशा व्यक्तीला आमच्यापैकी एक जण सोबत घेऊन हेल्थ पोस्टवर जाईल असे ठरले होते. दुसऱ्याचे नव्हते. आम्ही परत आलो आणि त्या एका प्रश्नावर तीन आठवडे घालवले. समितीकडे आपण एक अडथळा म्हणून पाहत होतो याची मला त्या तीन आठवड्यांत मनापासून खंत वाटली, कारण तो प्रश्न विचारला गेला नसता तर आम्ही काही बायकांचे संसार धोक्यात आणले असते.

आमचा मूळ बेत ज्या घरांत टीबीचे रुग्ण होते तेवढ्याच घरांत जाण्याचा होता. आता आमच्यासारख्या इमारतीत एका मजल्यावरची सगळी दारे एकाच पॅसेजमध्ये उघडतात आणि दिवसभर ती उघडीच असतात. हातात फाइल घेतलेल्या दोन बायका कोणत्या दारात थांबल्या आणि कोणत्या दारावरून पुढे गेल्या, हे मजल्यावरच्या प्रत्येकीला दिसते. आठवड्याभरात वसाहतीला कळले असते की त्या फाइलवाल्या बायका ज्यांच्याकडे थांबतात त्यांच्याकडे टीबी आहे. म्हणून आम्ही बेत बदलला. निवडलेल्या मजल्यांवरच्या एकूण एक घरात जायचे, पाणी, स्वयंपाक, झोप, मुलांचे लसीकरण असे सगळ्यांना विचारण्यासारखे प्रश्न विचारायचे, आणि त्यांच्या मध्ये टीबीचा भाग ठेवायचा. काम तिपटीने वाढले. सुनेशी एकटीने बोलायचे असेल तर तिला सोयीची जागा तिनेच सांगायची: गच्ची, बालवाडी, रेशनच्या दुकानाची रांग, एकदा तर मानखुर्द स्थानकाचा पूल.

प्रश्नावलीची चाचणी घेतली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. "घरात कोणाला टीबी झाला होता का?" या प्रश्नाला पहिल्या दिवशी सगळ्यांनी "नाही" असे उत्तर दिले. त्यातली दोन घरे अशी होती की जिथल्या रुग्णाला मी स्वतः ओळखत होते. माझ्या वहिनीने ती प्रश्नावली वाचली आणि म्हणाली, "ताई, हा शब्द कोण घरात काढतंय? तुम्ही विचारा, सहा महिन्यांच्या गोळ्या कोणी घेतल्या का." आम्ही तसे विचारले. मग "डाग होता", "छातीत पाणी झालं होतं", "मानेला गाठ आली होती" अशी उत्तरे येऊ लागली. माणसे खोटे बोलत नव्हती. आमचा शब्द त्यांच्या घरात राहत नव्हता, एवढेच. सरकारी नोंदीत जे घर निरोगी दिसते त्यातली किती घरे केवळ प्रश्न चुकीच्या शब्दांत विचारला गेल्यामुळे निरोगी ठरतात, हा विचार त्यानंतर माझा पाठलाग सोडेना.

उजेड मोजण्याचेही तसेच झाले. आम्ही एक लक्समीटर मिळवला होता आणि प्रत्येक घरात खिडकीशी, खोलीच्या मध्यावर आणि मोरीजवळ असे तीन आकडे लिहून घेत होतो. पहिल्या मजल्यावरच्या एक मावशी ते यंत्र न्याहाळत होत्या. त्या मूळच्या जालन्याकडच्या, घरकामाला चेंबूरला जाणाऱ्या. मी त्यांना आकड्याचा अर्थ समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "हे तुमच्या साहेबांना कळेल. बायकांना विचारायचं तर असं विचारा, की दुपारी बारा वाजता दिवा न लावता तांदळातला खडा दिसतो का." त्यांनी लगेच सूप पुढ्यात घेतले, दिवा बंद केला आणि निवडायला बसल्या. तांदूळ बोटांनी पसरत त्या सूप डोळ्यांजवळ नेत होत्या, मग खिडकीकडे तिरपे करत होत्या, आणि शेवटी खडा त्यांना दिसला नाही, बोटाला लागला. मीटरचा आकडा मी लिहिला खरा. पण त्या दिवसापासून आमच्या प्रश्नावलीतला चौदावा प्रश्न तांदळाचा झाला. तो विचारला की प्रत्येक बाई क्षणभर थांबून खिडकीकडे पाहायची आणि मग उत्तर द्यायची. इतर कोणत्याही प्रश्नाला इतकी विचारपूर्वक उत्तरे आली नाहीत.

प्रत्यक्ष सर्वेक्षण 2023 च्या जानेवारीत सुरू झाले आणि पावसाळ्यापर्यंत चालले. त्यातला बराच काळ बंद दारांपुढे गेला, कारण बायका कामाला आणि पुरुष नाक्यावर किंवा रिक्षावर. मग आम्ही संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ धरली. त्या काळातली सगळी हकीकत सांगत बसत नाही, पण खिडक्यांविषयी सांगायला हवे.

आरोग्य शिक्षणाच्या पत्रकांत नेहमी लिहिलेले असते की खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती राहू द्या. आमच्या खालच्या मजल्यांवरच्या बहुतेक खिडक्या बंद होत्या, काहींना तर आतून पुठ्ठे आणि प्लास्टिक ठोकलेले होते. बाहेरून येणारा माणूस पाहील तर त्याला हे अज्ञान वाटेल, आणि तसे म्हणणारे आम्हाला भेटलेही. खिडकी का उघडत नाही हे आम्ही विचारले तेव्हा लोकांनी आम्हाला खिडकी उघडून दाखवली. त्या तीन मीटरच्या बोळात वरच्या मजल्यांवरून टाकलेला कचरा गुडघ्याएवढा साचला होता, मधून फुटक्या पाइपाचे सांडपाणी वाहत होते, आणि भरदुपारी घुशी फिरत होत्या. खिडकी उघडली की दुर्गंधी, डास आणि घुशी आत येणार. बंद ठेवली की खोकला आतच राहणार. त्या घरातल्या आईने घुशींपासून तान्ह्या मुलाला वाचवण्यासाठी खिडकी बंद केली होती आणि तिचा निर्णय पूर्ण शहाणपणाचा होता. वरच्या मजल्यावरचे लोक कचरा खाली का टाकतात हेही मग विचारले. लिफ्ट बंद पडून बरेच महिने झाले होते, कचऱ्याचा डबा वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि सातव्या मजल्यावरच्या गुडघे दुखणाऱ्या बाईला दिवसातून दोनदा जिने उतरणे शक्य नव्हते. लिफ्टच्या देखभालीचा खर्च सोसायटीला परवडत नव्हता. बंद लिफ्टपासून एखाद्या मुलाच्या फुप्फुसापर्यंतची ही साखळी आम्ही कागदावर काढली तेव्हा आमच्या चौघींपैकी कोणी काही वेळ बोलले नाही.

औषध सोडण्याविषयीही आमचा अंदाज चुकला. गोळ्यांनी मळमळते म्हणून लोक औषध सोडतात असे आम्ही धरून चाललो होतो. तसे काही होतेच. पण सुनांच्या बाबतीत औषध घेणे लपवावे लागणे हेच मोठे कारण होते. एका तरुण मुलीने, जिची ओळख पटेल असे सगळे तपशील मी येथे वगळले आहेत, गोळ्यांची पाकिटे शेजारणीकडे ठेवली होती. रोज सकाळी ती विरजण आणायला म्हणून वाटी घेऊन शेजारी जायची, तिथे गोळ्या घ्यायची आणि वाटीत चमचाभर दही घेऊन परत यायची. शेजारीण गावाला गेली की तिचे औषध बंद. लग्नाला वर्षही झाले नव्हते आणि माहेरी परत पाठवतील ही भीती तिला टीबीच्या भीतीपेक्षा मोठी होती. केंद्र सरकारची निक्षय पोषण योजना एप्रिल 2018 पासून सुरू आहे. तेव्हा तीत रुग्णाला आहारासाठी दरमहा 500 रुपये मिळत. ते बँक खात्यात जमा होतात. हिचे खाते लग्नाआधीच्या नावावर गावच्या शाखेत होते, आणि नवऱ्याचे खाते दिले असते तर घरात सगळे उघड झाले असते. तिने पैसे नाकारले. नोंदीत तिच्यापुढे बहुधा 'खात्याचा तपशील उपलब्ध नाही' एवढेच लिहिले गेले असेल.

तो आहार ही चैनीची बाब नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. झारखंडमध्ये झालेल्या 'रेशन्स' या चाचणीचे निष्कर्ष आमचे काम चालू असतानाच, 2023 च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या कुटुंबांना जादा धान्य दिल्याने घरातल्या इतरांना टीबी होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झाले होते, आणि उपचाराच्या सुरुवातीला ज्या रुग्णांचे वजन वाढले त्यांच्यात मृत्यू कमी होते. आमच्या वसाहतीत आजारी बाई स्वतः सगळ्यांत शेवटी जेवते. तिच्या वाट्याची डाळ कोणाच्या ताटात जाते, हे मी ज्या घरात वाढले तिथेही मला दिसत होते.

माहिती गोळा झाल्यावर ती आधी कोणाला सांगायची यावर आमच्यात मतभेद झाले. संस्थेतल्या काहींचे म्हणणे होते की पालिकेला अहवाल द्यावा आणि पत्रकारांना बोलवावे. मी आणि माझी सहकारी अडून बसलो की ज्यांनी संध्याकाळचा स्वयंपाक थांबवून उत्तरे दिली त्यांना आधी सांगितले पाहिजे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी वसाहतीतल्या पटांगणात सतरंज्या अंथरून आम्ही सभा घेतली. तक्ते मोठ्या अक्षरांत काढले होते. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि मग सोसायटीचे एक काका उठले व म्हणाले, "पोरी, हे सगळं खरं आहे. पण इमारतीचं नाव पेपरात आलं तर आमच्या पोरींची लग्नं कोण करणार?" त्यामागोमाग आणखी चार जण बोलले. एकाने सांगितले की त्याच्या मुलाने नोकरीच्या अर्जावर पत्ता बदलून मावशीचा दिला होता.

हा पेच खराच अवघड होता. इमारतीचे नाव नसेल तर पालिकेचा कोणताही विभाग कोणत्या बोळात सफाई करायची हे विचारणार, आणि नाव असेल तर ज्यांच्यासाठी काम केले त्यांच्याच कपाळी शिक्का बसणार. त्या सभेत रात्री दहापर्यंत चर्चा झाली. ठरले असे की कार्यालयांना जाणाऱ्या प्रतीत इमारतींचे क्रमांक असतील, पण त्यात आजाराचा नव्हे तर कचरा, सांडपाणी, लिफ्ट आणि उजेड यांचाच तपशील असेल; टीबीविषयीचे निष्कर्ष वसाहतीचे नाव न घेता वेगळ्या कागदावर जातील; आणि वर्तमानपत्रांत काहीही जाणार नाही. संस्थेतल्या काहींना हा निर्णय दुबळा वाटला. मला तो आजही योग्य वाटतो, आणि हा लेख लिहितानाही मी तो पाळला आहे.

मग कार्यालयांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपल्यामुळे नगरसेवक नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. एरवी ज्याच्या दारात बायका मोर्चा घेऊन जातात तो माणूसच जागेवर नव्हता. एका कार्यालयाने सांगितले की दोन इमारतींमधली जागा सोसायटीची आहे. सोसायटीकडे हस्तांतराचे पूर्ण कागद नव्हते. दुसऱ्या कार्यालयाने सांगितले की इमारत ज्यांनी बांधून दिली त्यांच्याकडे जा, आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे पाठवले. प्रत्येक ठिकाणी आम्ही पत्राच्या प्रतीवर आवक शिक्का घेत गेलो; ही सवय आम्हाला पाणी हक्काच्या कामात मुरलेल्या एका कार्यकर्त्याने लावली. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये वस्ती अधिकृत असो वा नसो, पाणी नाकारता येणार नाही असा निकाल दिला आणि पालिकेचे 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण प्रत्यक्ष यायला 2022 उजाडले. त्या मधल्या वर्षांचा अनुभव असलेला माणूस शिक्क्यांविषयी का इतका आग्रही असतो हे मला हळूहळू कळले.

जानेवारी 2024 मध्ये आम्ही माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज केला: या दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेची सफाई कोणाच्या जबाबदारीत येते, आणि मागच्या तीन वर्षांत ती किती वेळा झाली? तीस दिवसांत उत्तर आले नाही. प्रथम अपील केल्यावर आले, आणि त्यात जबाबदारी कोणाची हे एका ओळीत लिहिलेले होते. ती ओळ हाती आल्यानंतर कामाला जेवढा वेग आला तेवढा आमच्या चाळीस पानांच्या अहवालाने आला नव्हता. हे मी संशोधनाचे मोल कमी करण्यासाठी सांगत नाही. अर्जात नेमके काय विचारायचे हे आम्हाला त्या चाळीस पानांमुळेच कळले होते.

एप्रिलमध्ये आम्हाला सादरीकरणासाठी अर्धा तास मिळाला. मी आलेख दाखवले, लक्सचे आकडे सांगितले, ऑर यांचा नियम सांगितला. समोरचे अधिकारी अदबीने ऐकत होते. मग पहिल्या मजल्यावरच्या मावशी, ज्यांना आम्ही मुद्दाम सोबत नेले होते, त्यांनी पिशवीतून सूप काढले आणि म्हणाल्या, "साहेब, तुमच्या इथं दिसतोय बघा खडा. माझ्या घरी चला, तिथं दाखवा." त्या खोलीतले एक वैद्यकीय अधिकारी पुढच्या आठवड्यात खरोखर आले. पहिल्या मजल्यावर गेले, दिवा बंद करायला लावला आणि काही वेळ तसेच उभे राहिले.

त्यानंतरच्या वर्षभरात झाले ते असे. बोळ साफ झाला, फुटके पाइप बदलले, वरच्या मजल्यांवरून घरोघरी कचरा उचलणाऱ्या दोन बायकांना सोसायटीने महिन्याच्या वर्गणीतून ठेवले, आणि पहिल्या मजल्यावरच्या काही खिडक्यांचे पुठ्ठे निघाले. छातीच्या एक्स-रेची शिबिरे दिवसाऐवजी संध्याकाळी होऊ लागली, त्यामुळे कामाला जाणाऱ्या बायका येऊ शकल्या. रुग्णाच्या घरातल्या सर्वांना प्रतिबंधक औषध देण्याची तरतूद 2021 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच आहे. आता आमच्या आरोग्य सेविका तिच्याविषयी प्रत्येक घरात विचारतात. नोव्हेंबर 2024 पासून पोषणाचे 500 रुपये देशभर 1000 झाले, त्याचे श्रेय आमच्याकडे नाही. पण सुनांची स्वतःची खाती उघडून देण्यासाठी आम्ही बँकेचा माणूस बालवाडीत बसवला. विरजणाची वाटी घेऊन जाणाऱ्या मुलीचे औषध पूर्ण झाले. ती आता सर्वेक्षणाच्या कामात आमच्यासोबत आहे.

लिफ्ट दोनदा दुरुस्त झाली आणि दोनदा बंद पडली. आणि भिंती जिथे आहेत तिथेच आहेत: तीन मीटर आणि चार बोटे. खिडकी उघडली तरी तळमजल्यावर ऊन येत नाही, आणि ते कोणत्याही सफाईने येणार नाही. पुनर्वसनाच्या नव्या इमारतींना उजेडाचा किमान नियम सवलतीविना लागू करावा असे निवेदन आम्ही तीन ठिकाणी दिले आहे. त्याच्या तिन्ही प्रतींवर आवक शिक्के आहेत. उत्तर अजून एकाही ठिकाणाहून आलेले नाही.

गेल्या महिन्यात बैंगनवाडीतल्या काही बायकांनी आमची प्रश्नावली मागितली. त्यांना आपल्या गल्लीतल्या पोटमाळ्यांचा अभ्यास करायचा आहे. आम्ही सगळ्या एका खोलीत बसून एकेक प्रश्न वाचत गेलो. चौदावा आला तेव्हा त्यातली एक, जी घरी जरीचे काम करते, मान हलवून म्हणाली, "दीदी, आमच्याकडे तांदूळ संध्याकाळी शिजतो, दिवसा कोण निवडत नाही. दिवसा आम्ही सुईत दोरा ओवतो." तिने पेन घेतले, तांदळाच्या ओळीवर रेघ मारली आणि तिच्या खाली उर्दूत नवा प्रश्न लिहिला. शेजारी बसलेल्या मुलीने तो मला मराठीत सांगितला, आणि मी तो आमच्या प्रतीतही उतरवून घेतला.